अमेरिका सोडायचा विचार डोक्यात आलाय? आधी कपाटातली फाइल काढा

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री अमेरिकेत मतमोजणी चालू होती, ट्रम्प जिंकताना दिसत होते, आणि तेव्हाच कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची वेबसाइट बंद पडली. ती बंद पाडणाऱ्यांत मीही होतो. न्यू जर्सीत, एडिसनमधल्या आमच्या स्वयंपाकघरात मी दर दोन मिनिटांनी ते पान उघडायचा प्रयत्न करत होतो आणि बायको म्हणत होती, "अरे, उद्याही कॅनडा तिथेच असणार आहे. झोप आता." दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, मुलीची शाळा होती, कॅनडाचं नावही निघालं नाही. प्रत्यक्षात आम्ही निघालो ते २०१८च्या ऑक्टोबरमध्ये. आता कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिसिसागात राहतो.

नोव्हेंबर २०२४मध्ये ट्रम्प पुन्हा निवडून आले आणि जर्सीतल्या, टेक्ससमधल्या जुन्या मित्रांचे फोन पुन्हा सुरू झाले. जानेवारी २०२५मध्ये जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाबद्दलचा आदेश निघाला (तो लगेच कोर्टात अडकला), तेव्हा ते वाढले. आणि १९ सप्टेंबर २०२५ला नव्या एच-वन-बी (कंपनीमार्फत मिळणारा नोकरीचा व्हिसा) अर्जांवर एक लाख डॉलर फीची घोषणा झाली, त्या शनिवार-रविवारी तर फोन खाली ठेवायची सोय नव्हती. भारतात सुट्टीवर गेलेली माणसं मिळेल ते तिकीट काढून परत धावली, विमानात बसलेले काही जण खाली उतरले. आधीपासून व्हिसा असलेल्यांना ही फी लागू नाही, हा खुलासा नंतर आला. तोवर तिकिटांचे पैसे गेले होते.

फोनवर जे सांगतो तेच इथे लिहून ठेवतोय. वकील मी नाही. एकदा या वाटेने गेलेला माणूस आहे, एवढंच.

निघायचं की नाही, ते आज ठरवू नका

आज फक्त निघता येईल अशी तयारी करायची. जायचं की राहायचं यावर नवरा-बायकोत महिनोन्महिने वाद होऊ शकतो, आमच्यात झाला. पण परीक्षेचा निकाल, पदवीचं मूल्यांकन, पोलिसांचा दाखला यांना वेळ लागतो, आणि वाद मिटेपर्यंत वय वाढतं. वादाचं काय व्हायचं ते होईल, फाइल तयार असू दे. राग महिन्याभरात ओसरला तरी फाइल वाया जात नाही.

आणखी एक. राजकारणाला कंटाळून जायचं तर जिथे जाणार तिथेही राजकारण आहे. कॅनडाने ऑक्टोबर २०२४मध्ये २०२५साठीचं कायम रहिवाशांचं लक्ष्य पाच लाखांवरून ३,९५,०००वर आणलं. घरांच्या किमतींवरून इथेही स्थलांतरितांकडे बोट दाखवलं जातं. हे माहीत असून यायचं असेल तर या.

कागदावर तुम्ही कोण?

फोन करणारा प्रत्येक जण "आम्ही अमेरिकेत आहोत" एवढंच सांगतो. पुढचा सगळा रस्ता यावर ठरतो की तुम्ही नागरिक आहात, ग्रीनकार्डवाले की एच-वनवर.

अमेरिकन नागरिक असाल तर एक आडवाट आहे. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको यांच्या व्यापार करारात ठरावीक व्यवसायांची यादी आहे. इंजिनिअर, अकाउंटंट, फार्मासिस्ट, नर्स, संगणक प्रणाली विश्लेषक असे त्यात येतात. कॅनडातल्या कंपनीचं नोकरीचं पत्र आणि पदवी घेऊन सीमेवरच वर्क परमिट मागता येतं, एका वेळी तीन वर्षांपर्यंतचं. ही सोय नागरिकत्वावर मिळते. ग्रीनकार्ड कितीही जुनं असो आणि खिशात भारतीय पासपोर्ट असो, तर नाही.

ग्रीनकार्डवाल्यांनी एक समजून घ्यावं: ते कार्ड अमेरिकेत राहण्यासाठी आहे. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात की परतताना प्रश्न सुरू होतात, वर्ष उलटलं की कार्डच धोक्यात येतं. वर्षाहून जास्त बाहेर राहायचं असेल तर री-एंट्री परमिटचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. "आधी जाऊन बघतो, मग करतो" असं त्यात चालत नाही. नागरिकत्वाला वर्षभरच उरलं असेल तर माझं स्पष्ट मत: ते घ्या, मग निघा.

एच-वनवाल्यांकडे गमावण्यासारखं कमी आणि धास्ती जास्त. नोकरी गेली की हातात साठ दिवस, दुसरी शोधा नाहीतर निघा. पण एक कागद सोन्यासारखा जपा: मंजूर झालेला आय-१४०, म्हणजे कंपनीने तुमच्या ग्रीनकार्डसाठी केलेला अर्ज. देश सोडला तरी रांगेतली तुमची तारीख सहसा तुमचीच राहते. उद्या कुणी पुन्हा तुमचा अर्ज केला तर तीच तारीख वापरता येते. कंपनीच्या वकिलाकडून त्याची प्रत आत्ताच मागून घ्या. नोकरी सुटल्यावर तो वकील तुम्हाला ओळखत नाही.

वयाचं गणित

नोकरदार माणसासाठी कॅनडाची मुख्य वाट म्हणजे एक्स्प्रेस एन्ट्री. प्रोफाइल भरायची, वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मिळतात, आणि दर थोड्या दिवसांनी वरच्या गुणांच्या लोकांना बोलावणं जातं (याला सोडत म्हणतात). तिथे सर्वांत निर्दय रकाना वयाचा. जोडप्याने अर्ज केला तर मुख्य अर्जदाराला एकोणतिसाव्या वर्षापर्यंत १०० गुण, पस्तिशीला ७०, चाळिशीला ४५, आणि पंचेचाळिसाव्या वाढदिवशी शून्य. "पुढच्या निवडणुकीपर्यंत बघू" म्हणणाऱ्या अडतीस वर्षांच्या मित्राला मी हा तक्ता पाठवतो, बाकी काही बोलत नाही.

नवरा-बायको दोघांचीही प्रोफाइल मुख्य अर्जदार म्हणून करून बघा. आमच्याकडे नोकरी मोठी माझी म्हणून अर्ज माझ्या नावाने, असं गृहीत धरलं होतं. बायको तीन वर्षांनी लहान, तिचं इंग्रजी लेखन माझ्याहून चांगलं. तिच्या नावाने गुण वीस-बावीसने वाढले. फेब्रुवारी २०१८मध्ये कटऑफ ४४२ होता तेव्हा आम्हाला बोलावणं आलं, आणि अजूनही घरात दर वादाच्या शेवटी हे निघतं.

४४२चा तो काळ गेला. २०२५मध्ये कॅनडातला कामाचा अनुभव असलेल्यांच्या सोडतीही पाचशेच्या वर राहिल्या, आणि नोकरीच्या पत्रासाठी मिळणारे पन्नास किंवा दोनशे गुण २५ मार्च २०२५पासून बंद झाले. कुणी एजंट अजूनही "जॉब ऑफर आणून देतो, गुण वाढतील" म्हणत असेल तर त्याला नमस्कार करून उठा. उरलेल्या मुख्य वाटा दोन: एखाद्या प्रांताचं नामांकन, त्याचे सरळ ६०० गुण, किंवा फ्रेंच. फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळ्या सोडती निघतात आणि त्यांचा कटऑफ बराच खाली असतो, मार्च २०२५मध्ये तो एकदा ३७९पर्यंत आला होता. दहावीपर्यंत फ्रेंच घेऊन शंभरापैकी पंचाण्णव मिळवलेले पुण्या-मुंबईचे बरेच जण अमेरिकेत आहेत. ते पंचाण्णव कामाला येत नाहीत, परीक्षा बोलण्याचीही असते. पण दीड वर्ष नेटाने बसलात तर जमू शकतं.

इंग्रजीचीही परीक्षा द्यावीच लागते, मग तुम्ही अमेरिकेत वीस वर्षं राहिलेले असा नाहीतर तिथेच शिकलेले. आयएल्ट्सची जनरल परीक्षा घ्या, अॅकॅडमिक चालत नाही. ध्येय ठेवायचं ते ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७. त्याखाली गेलात की गुण धाडकन पडतात. मला लेखनात साडेसहा मिळाले. रोज पन्नास ई-मेल लिहिणाऱ्या माणसाला! दुसऱ्यांदा पैसे भरले. निकाल दोन वर्षं चालतो.

नावांचा घोळ

हा भाग मुद्दाम लांबवतोय, कारण मराठी माणसाच्या फाइली इथेच अडकतात.

आपल्या पदवीवर नाव असतं आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि स्वतःचं व वडिलांचं नाव एकत्र. अमेरिकेत आल्यावर कुणी वडिलांचं नाव मधलं म्हणून लिहिलं, कुणी एकच अक्षर ठेवलं, कुणी गाळलं. बायकांचं तर विचारूच नका. पदवीवर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव, काहींच्या सासरी लग्नात पहिलं नावही बदललेलं. माझ्या एका मैत्रिणीच्या पदवीवर, पासपोर्टवर आणि अमेरिकन लायसन्सवर तीन वेगळ्या बायका आहेत. परक्या अधिकाऱ्याला त्या खरोखरच तीन वाटतात.

करायचं एवढंच: एक कोरा कागद घ्या. प्रत्येकाच्या नावाने एक रकाना, आणि खाली जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, पदवी, लग्नाचा दाखला, पासपोर्ट, सोशल सिक्युरिटी, लायसन्स यांवरची नावं अक्षरशः जशी आहेत तशी उतरवून काढा. जिथे फरक तिथे तो जोडणारा दाखला हवा: लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, राजपत्रातली नोंद, नाहीतर प्रतिज्ञापत्र. लग्न कार्यालयात थाटात झालं पण नोंदणी राहून गेली, अशी जोडपी आहेत. भारतात जाल तेव्हा ते आधी उरका. जन्मदाखल्यावर नुसतं "मुलगा" किंवा "मुलगी" असेल तर नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव घालून घ्या. आईवडील तिथे असतील तर त्यांना हेलपाटे पडणार. आधीच सांगा, चिडू देत.

मग पदवीचं मूल्यांकन. कॅनडा तुमची पदवी तशीच मान्य करत नाही. मान्य संस्थेकडून अहवाल घ्यावा लागतो, बहुतेक जण डब्ल्यूईएसकडे जातात. भारतीय पदवीसाठी गुणपत्रकांचे ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावे लागतात, तुम्ही स्वतः पाठवलेले चालत नाहीत. माझ्या विद्यापीठात, नाव सांगत नाही, भाचा चार वेळा गेला. पहिल्यांदा चलन चुकीच्या शीर्षाखाली भरलेलं. दुसऱ्यांदा साहेब रजेवर. तिसऱ्यांदा पाकीट तयार, पण बंद केलेल्या झाकणावर शिक्का नाही. चौथ्यांदा भाचा शिक्का मारून होईपर्यंत खिडकीसमोरून हलला नाही. साडेचार महिने गेले. अहवाल पाच वर्षं चालतो, म्हणजे आज सुरुवात केली तरी फार लवकर होत नाही.

बोलावणं आल्यावर

साठ दिवस मिळतात, आणि त्यात सगळं लागतं. गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने राहिलात तिथला पोलिस दाखला, म्हणजे अमेरिकेसाठी एफबीआयचा आणि बहुतेकांसाठी भारताचाही. वैद्यकीय तपासणी २०२५च्या ऑगस्टपासून अर्जाआधीच करावी लागते. कॅनडात काम केलेलं नसेल तर बँकेत पैसे दाखवावे लागतात: २०२५च्या आकड्यांप्रमाणे चौघांच्या कुटुंबाला २८,३६२ कॅनडियन डॉलर, तेही गेल्या सहा महिन्यांच्या सरासरीसह बँकेच्या पत्रावर. घरात अडकलेले पैसे मोजत नाहीत, उसने आणलेलेही नाहीत. जुन्या मॅनेजरांकडून कामाचं वर्णन, तास, पगार असलेली पत्रं. यातली निम्मी कामं बोलावण्याआधी होऊ शकतात, तेव्हाच करा.

पैसा

पगार कमी होणार. माझा अमेरिकन डॉलरमध्ये मोजला तर चाळीस टक्क्यांनी उतरला आणि घरभाडं उतरलं नाही. वर "कॅनडातला अनुभव आहे का?" हा प्रश्न पहिल्या सहा मुलाखतींत आला. बारा वर्षं जर्सीत काम केलेल्याला हे विचारतात तेव्हा मान खाली घालून उत्तर द्यायचं.

अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाले कुठेही राहिले तरी अमेरिकेचं विवरणपत्र भरतच राहतात. बाहेरच्या खात्यांत मिळून कधीही १०,००० डॉलरच्या वर गेलात की एफबार, म्हणजे बाहेरच्या खात्यांची माहिती देणारा अर्ज, वेगळा. कॅनडातलं करमुक्त बचत खातं अमेरिकेच्या लेखी करमुक्त नाही, आणि कॅनडाचे काय किंवा भारताचे काय, म्युच्युअल फंड त्यांच्या कायद्यात डोकेदुखी आहेत. पंधरापैकी आठ वर्षं ग्रीनकार्ड असेल आणि ते परत करायचं ठरवलंत तर निर्गमन कराचा प्रश्न येतो. त्याआधी करसल्लागाराला पैसे द्या, तिथे काटकसर नको.

४०१-के, म्हणजे नोकरीतलं निवृत्ती खातं, तसाच ठेवता येतो. साडेएकोणसाठच्या आत काढलात तर करावर आणखी दहा टक्के दंड. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनला लागणारे चाळीस क्रेडिट पूर्ण नसले तरी कॅनडात घाबरू नका, दोन्ही देशांत करार आहे आणि पात्रतेसाठी काळ एकत्र मोजता येतो. भारत-अमेरिकेत असा करार नाही. पस्तीस क्रेडिटवर पुण्याला परतायचं असेल तर आधी बोटं मोजा.

आता दोन गोष्टी मला कुणी सांगितल्या नव्हत्या. कॅनडाचे करनिवासी झालात त्या दिवशी तुमच्या बहुतेक मालमत्तेची खरेदी किंमत त्या दिवसाचा बाजारभाव धरली जाते. म्हणून त्या तारखेचे शेअरचे भाव उतरवून ठेवा आणि कोथरूडचा फ्लॅट असेल तर मूल्यांककाकडून दाखला घ्या, दहा वर्षांनी विकाल तेव्हा लाखो वाचतील. दुसरी: तो फ्लॅट भाड्याने दिला असेल आणि परदेशातल्या अशा मालमत्तेची एकूण खरेदी किंमत एक लाख कॅनडियन डॉलरच्या वर जात असेल, तर दुसऱ्या वर्षापासून त्याची माहिती वेगळ्या अर्जात द्यावी लागते. कर लागतो म्हणून नव्हे, पण न दिल्यास दंड आहे.

आणि परत भारतात?

हा प्रश्न निघतोच. भारतीय पासपोर्ट असेल तर तुमच्यापुरतं सोपं आहे, पण अमेरिकेत जन्मलेल्या मुलांचं ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते कार्ड) आधी करा. स्वतः नागरिक झाला असाल तर जुना भारतीय पासपोर्ट जमा केल्याचं प्रमाणपत्र आणि ओसीआय लागेल. ओसीआयवर राहता येतं, नोकरी करता येते. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. गावी आमराई घ्यायचं स्वप्न असलेल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

कराच्या बाबतीत परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षं सवलतीचा दर्जा मिळू शकतो, त्यात परदेशातल्या उत्पन्नावर सहसा कर नसतो. ४०१-के किंवा शेअरचं काही करायचं असेल तर त्या काळात. एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयांची, खाती मात्र परतल्यावर बदलून घ्यावी लागतात, बँक स्वतःहून विचारत नाही. मुलांचं म्हणाल तर सातवीच्या आत जमतं. नववीतल्या मुलाला अमेरिकेतून उचलून भारतातल्या दहावीच्या क्लासमध्ये बसवलेलं एक घर मी पाहिलंय. दोन वर्षांनी आई मुलाला घेऊन परत डॅलसला.

सीमेवर

घरातल्या वापरातल्या वस्तूंवर कर लागत नाही, पण पहिल्यांदा प्रवेश करतानाच पूर्ण यादी द्यावी लागते: सोबत काय आहे आणि मागून काय येणार आहे. मागून येणारं यादीत नसेल तर नंतर कर भरा. प्रत्येक वस्तू, अंदाजे किंमत. दागिन्यांचे फोटो आणि वर्णन वेगळं. आम्ही पाटल्या, मंगळसूत्र, मुलीच्या बिंदल्या असं सगळं एका पानावर चिकटवलं होतं. रोख रक्कम १०,००० कॅनडियन डॉलर किंवा जास्त असेल तर सांगायची.

लुइस्टनच्या पुलावरच्या अधिकाऱ्याने आमची नऊ पानी यादी शांतपणे वाचली आणि चौथ्या पानावर बोट ठेवलं. "दगड, दोन नग, चाळीस डॉलर?" बायकोने सासूबाईंचा पाटा-वरवंटा तसाच लिहिला होता. मी मिक्सर, चटणी, आजी असं काहीबाही सांगायला लागलो. त्याने गाडीच्या मागे येऊन तो बघितला, उचलायचा प्रयत्न केला, आणि शिक्का मारला.

गाडी नेणार असाल तर ती कॅनडात चालणाऱ्या मॉडेलांच्या यादीत आहे का ते बघा, आणि टायटलची (मालकीच्या कागदाची) प्रत अमेरिकन कस्टम्सला निदान ७२ तास आधी पाठवा. लीजवरच्या गाडीचा नाद सोडा.

पहिले पंधरा दिवस

सिन, म्हणजे सोशल इन्शुरन्स नंबर, पहिल्या दिवशी (नाव तसं अशुभ आहे, पण त्याशिवाय पगार नाही). मग बँक, मग आरोग्य कार्ड. आम्ही आलो तेव्हा आमच्या ओंटॅरिओ प्रांतात तीन महिने थांबावं लागायचं, म्हणून खाजगी विमा काढला होता. ते थांबणं २०२०मध्ये रद्द झालं. ब्रिटिश कोलंबियात अजून आहे, तिकडे जाणाऱ्यांनी विमा काढूनच यावं. कार्ड मिळालं म्हणजे फॅमिली डॉक्टर मिळाला असं नाही. आम्हाला अकरा महिने लागले, आणि तोही टोरोंटोच्या मराठी भाषिक मंडळाच्या गणपतीत शेजारी जेवायला बसलेल्या काकूंच्या ओळखीने. अमेरिकेतून निघताना मुलांच्या लसीकरणाची नोंद आणि स्वतःचे रिपोर्ट छापून आणा, शाळा पहिल्या आठवड्यात मागते.

क्रेडिट स्कोअर सीमेपलीकडे राहतो. आठशे असो नाहीतर पाचशे, इथे तुम्ही नवे. काही घरमालक सहा महिन्यांचं भाडं आधी मागून बघतात. नोकरीचं पत्र, बँकेचं पत्र आणि जर्सीतल्या जुन्या घरमालकाचं शिफारसपत्र बरोबर ठेवलंत तर बोलायला जागा राहते.

गाडीच्या विम्याचा आकडा ऐकून खुर्ची धरावी लागेल. तो खाली आणायचा एकच कागद आहे: अमेरिकेतल्या विमा कंपनीचं, इतकी वर्षं विमा होता आणि एवढे दावे झाले, असं लेटरहेडवरचं पत्र. ते पॉलिसी चालू असतानाच मागा. मी इथे आल्यावर मागितलं. दीड महिना लागला, आणि तेवढे दिवस नवशिक्या ड्रायव्हरच्या दराने हप्ता भरला.